‘टेन्शन’च्या पोटातले शब्द : भावनांची ओळख आणि सजग जगणे

भावनिक स्वास्थ्य म्हणजे मनात दुःख, राग किंवा भीती कधीच न येणे, असा समज बराच रूढ आहे. परंतु अशी अवस्था निरोगी माणसाच्या वाट्याला येत नाही आणि येऊही नये, कारण ज्याला भीती वाटत नाही तो भरधाव ट्रकसमोरून बाजूला होणार नाही, आणि ज्याला दुःख होत नाही त्याला जिवाभावाचे माणूस गेल्यावरही काही उणे झाल्यासारखे वाटणार नाही. आलेली भावना ओळखता येणे, ती सोसता येणे आणि तिच्या भरात काही करून बसण्यापूर्वी क्षणभर थांबता येणे, या तिन्ही गोष्टींना मिळून भावनिक स्वास्थ्य म्हणणे अधिक योग्य ठरते. यांपैकी ओळख हा उरलेल्या दोहोंचा पाया असून तिलाच आत्मभान अशी संज्ञा आहे. शब्द भारदस्त असला तरी त्याचे रोजच्या जगण्यातले रूप साधे आहे : या क्षणी मनात काय चालले आहे, ते शरीरात कुठे जाणवते आहे आणि त्याला काय म्हणायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येणे. प्रस्तुत लेखाचा भर मुख्यतः तिसऱ्या प्रश्नावर आहे, कारण सजग जगण्याच्या चर्चेत श्वास आणि ध्यान यांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण ज्या भाषेत माणूस स्वतःच्या मनाशी बोलतो त्या भाषेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आजच्या मराठी घरांत, मग ते घर डोंबिवलीतले असो वा जबलपूरच्या महाराजपुरातले, मनाच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याला ‘टेन्शन’ हा एकच शब्द पुरवला जातो. परीक्षेची धास्ती, कर्जाच्या हप्त्याची विवंचना, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेची भीती, वरिष्ठांविषयीचा राग, शेजाऱ्याच्या नव्या गाडीने जागा झालेला हेवा आणि सकाळपासून नुसतीच आलेली मरगळ, ही सारी टेन्शनच्या एकाच गाठोड्यात बांधली जातात. शब्द सोयीचा आहे. त्याने बोलणाऱ्याला फार उघडे पडावे लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढे म्हणून सुटता येते. मात्र वैद्याकडे गेलेल्या रोग्याने केवळ ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगावे आणि पोट दुखते की डोके, हे त्याचे त्यालाही उमगू नये, तशी ही गत आहे. हेव्यावरचा इलाज विवंचनेला लागू पडत नाही आणि विवंचनेवरचा मरगळीला. म्हणून गाठोडे सोडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही.

हे गाठोडे सोडण्याची साधने मराठीत विपुल आहेत. होऊन गेलेल्या गोष्टीविषयी वाटणारी बोच हे एकच उदाहरण घेतले तरी भाषेने तिचे केवढे भेद केले आहेत ते दिसते. पाहुणे निघून गेल्यावर त्यांच्या हातावर काहीच ठेवले नाही हे आठवून वाटते ती चुटपुट. ती लहान असते आणि एखाद्या फोनने किंवा पुढच्या खेपेला भरून निघू शकते. बारीक काट्यासारखी आत राहून कामाच्या मध्येच डोके वर काढते ती रुखरुख. दुसऱ्याच्या हानीने किंवा हातची चांगली गोष्ट निसटल्याने होते ती हळहळ, आणि ती चारचौघांत बोलून दाखवली की बरीचशी निवळते. खंत याहून खोल, कारण तिच्यात आयुष्याचा एखादा मोठा तुकडा गुंतलेला असतो आणि तो आता परत मिळणार नाही हेही कळून चुकलेले असते. पश्चात्तापात यापुढची एक पायरी आहे : चूक आपली होती याची कबुली. ज्याला आपली बोच चुटपुट आहे की पश्चात्ताप, हे सांगता येते, त्याला फोन करायचा की क्षमा मागायची, हेही त्या सांगण्यातूनच कळते.

पुढे घडणाऱ्या गोष्टींविषयीच्या शब्दांत हीच श्रीमंती आहे. निकालाची वाट पाहताना धाकधूक असते आणि तिच्यात भीतीइतकीच आशाही असते. धास्तीत आशेला जागा नसते. घालमेल दोन बाजूंना ओढले जाणाऱ्या जिवाची असते, त्यामुळे निर्णय झाला की ती बहुधा ओसरते. हुरहूर संध्याकाळी विनाकारणही लागते आणि तिच्यात थोडी गोडीही असते, म्हणून ती घालवण्याची घाई कोणी करत नाही. काळजी या शब्दाचे वैशिष्ट्य तर असे की मराठीत काळजी ‘वाटते’ आणि काळजी ‘घेतली’ही जाते, चिंता आणि जपणूक या दोन्हींना भाषेने एकच नाव दिले आहे, आणि आईच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा त्यातला कोणता अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. रागाच्या घरातही असेच पोटभेद आहेत : भूक किंवा अपुरी झोप यांतून येणारी चिडचिड, तोच त्रास पुन्हा पुन्हा झाल्याने आलेला वैताग, अन्यायाने पेटलेला संताप, दुसऱ्याला दाखवण्यासाठी स्वतःवरच काढलेला त्रागा, भिंतीआड दबलेली धुसफूस, आणि या सर्वांहून निराळा असलेला रुसवा, जो केवळ आपल्या माणसावरच धरता येतो आणि जो कोणीतरी काढावा अशी अपेक्षा त्यातच गृहीत असते. परक्यावर कोणी रुसत नाही. आपण रुसलो आहोत एवढे ज्याला स्वतःशी मान्य करता येते, त्याला समोरचा माणूस अजून आपला वाटतो आहे हेही त्याबरोबरच समजते.

भावनांची अशी बारीक पारख करण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात भावनिक सूक्ष्मभेद म्हणता येईल असे नाव आहे, आणि लिसा फेल्डमन बॅरेट या अमेरिकी संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की काही माणसे आपल्या सर्व अप्रिय अवस्था ‘वाईट वाटते’ या एकाच खान्यात टाकतात, तर काहींना त्यांतले भेद जाणवतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसांना आपल्या भावना सांभाळणे तुलनेने अधिक जमते. केवळ नाव देण्याचाही परिणाम मोजला गेला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३० व्यक्तींना राग, भीती असे भाव असलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. चेहऱ्यावरच्या भावाला शब्दात नाव देताना मेंदूतील अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाची, म्हणजे धोक्याची चाहूल लागताच जागा होणाऱ्या केंद्राची हालचाल कमी झाली, आणि कपाळामागच्या भागातील, आवर घालण्याशी संबंधित असलेल्या एका क्षेत्राची हालचाल वाढली; त्याच चेहऱ्याला केवळ स्त्रीचे किंवा पुरुषाचे नाव जोडताना मात्र तसे घडले नाही. प्रयोगशाळेतील छायाचित्रे आणि घरातले भांडण यांत मोठे अंतर आहे हे मान्य केले, तरी बोलून दाखवल्यावर ‘मोकळं वाटलं’ असे जे पिढ्यान्पिढ्या म्हटले जाते, त्याला यातून काही आधार मिळतो.

शब्दाच्याही आधी शरीर बोलते, आणि मराठीने हे शरीराचे बोलणे आपल्या वाक्प्रचारांत जपून ठेवले आहे. भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने छातीत धस्स होते, संतापाने तळपायाची आग मस्तकात जाते, दुःखाने गळा दाटून येतो, निराशेने हातपाय गळतात, चूक उघडी पडली की कानाच्या पाळ्या तापतात, आणि मोठ्या सभेत बोलायला उभे राहिले की तोंडाला कोरड पडते. हे अलंकार म्हणून सुचलेले नाहीत. ही निरीक्षणे आहेत. फिनलंडमधील लाउरी नुमेनमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७०१ व्यक्तींना शरीराच्या कोऱ्या आकृत्या देऊन, कोणत्या भावनेत कुठे चेतना वाढल्यासारखी वाटते आणि कुठे मंदावल्यासारखी, ते रंगवायला सांगितले. त्या अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, रागाचे चित्र छाती, डोके आणि हातांकडे तापलेले निघाले आणि विषण्णतेच्या चित्रात हातपाय थंड पडलेले दिसले. फिनलंड, स्वीडन आणि तैवान येथील लोकांनी रंगवलेल्या आकृत्या बऱ्याच अंशी सारख्या होत्या. शरीराच्या आतील स्थितीची जाणीव होण्याच्या या क्षमतेला अंतःसंवेदन म्हणतात, आणि मेंदूच्या घडीत दडलेला इन्सुला नावाचा भाग तिच्याशी विशेष निगडित आहे. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, श्वासाची लय आणि स्नायूंचा ताण यांच्या वार्ता तिथे पोहोचत असतात. मात्र त्या वार्ता ऐकण्याची सवय प्रत्येकाला सारखी नसते. पोटात गोळा आला आहे हे ज्याला वेळीच जाणवते, त्याला आपण घाबरलो आहोत हे इतरांवर ओरडण्यापूर्वी कळण्याची शक्यता अधिक असते.

हे शब्द माणसाला कोणत्या भाषेत मिळतात, हा प्रश्न येतो तेव्हा आरंभी उल्लेखिलेल्या महाराजपूरचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. जबलपूरच्या उत्तरेला, अधारतालच्या पुढे पनागर-कटनीकडे जाणाऱ्या वाटेवरची ही वस्ती, आणि जबलपूर हे शहर भाषेच्या दृष्टीने एका जुन्या सीमारेषेवर उभे आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि त्याआधी सागरच्या मराठी सुभेदारांचा; पुढे इंग्रजी राजवटीत मध्य प्रांताचे, आणि नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडाचे, नागपूर हे राजधानीचे शहर असल्याने कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे आणि शाळा यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबांचे नर्मदेकाठी येणे-जाणे चालूच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, तेव्हा त्या कुटुंबांची घरची भाषा एका राज्याची आणि रस्त्यावरची भाषा दुसऱ्या राज्याची झाली. आजही अशा घरांत आजीशी मराठी, शाळेत इंग्रजी आणि मित्रांत हिंदी, अशी तीन दालने असतात, आणि मनातली गोष्ट कोणत्या दालनात बोलायची हे मूल कळत-नकळत ठरवत असते.

भाषा बदलली की भावनेचे वजनही बदलते, याचे काही पुरावे उपलब्ध आहेत. कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या व्यक्तींना दोन्ही भाषांतील शब्द व वाक्ये दाखवून आणि ऐकवून त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजण्यात आली. भावनेने घाम किंचित जरी वाढला तरी हे माप वर जाते. लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकाव्या लागणाऱ्या दटावणीच्या वाक्यांना मातृभाषेत मिळालेला प्रतिसाद इंग्रजीपेक्षा ठळकपणे अधिक होता. कारण उघड आहे : ते शब्द शब्दकोशातून शिकलेले नसून कोणाच्या तरी आवाजासह, चेहऱ्यासह आणि स्वयंपाकघराच्या वासासह अंगात शिरलेले असतात. यावरून मराठी हीच भावनांची एकमेव खरी भाषा असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल, कारण जबलपुरात वाढलेल्या पुष्कळ मराठी मुलांच्या अंगात बुंदेली वळणाची हिंदीही तितक्याच लवकर मुरलेली असते, आणि दुसऱ्या भाषेत बोलताना मिळणारे अंतर कधीकधी अवघड गोष्ट सांगण्यासाठी उपयोगीही पडते. खरे नुकसान होते ते तिसऱ्याच ठिकाणी : घरची भाषा जेवणखाण आणि सणवार यांपुरती उरते, शाळेची भाषा अभ्यासापुरती, आणि मनाचे बारकावे सांगणारे शब्द कोणत्याच दालनात न राहता सगळीकडे ‘टेन्शन’ तेवढे उरते.

शब्द हाती असले तरी ते योग्य क्षणी आठवण्यासाठी मन त्या क्षणी तिथे हजर असावे लागते, आणि मनाचा स्वभाव तसा नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसाच्या कोणत्याही वेळी फोनवरून विचारले गेले की त्या काय करत आहेत आणि मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामापासून दूर भटकत असल्याचे आढळले, आणि भटकत असलेल्या मनाची अवस्था सरासरीने कमी आनंदी होती. बहिणाबाई चौधरींनी मनाला उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या गुराची उपमा दिली ती या अभ्यासाच्या कितीतरी आधी, आणि शेतात राबणाऱ्या बाईला हे कळायला फोनची गरज पडली नव्हती. आत्ताच्या क्षणी, हेतुपूर्वक आणि बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे, याला सजगता म्हणतात. पाली भाषेत तिला सति म्हणजे स्मृती हा शब्द आहे. त्याचे आज रूढ असलेले इंग्रजी भाषांतर टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये वापरले, आणि जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ दुखण्याने त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ही कल्पना मठातून रुग्णालयात आली.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत मोठे केंद्र इगतपुरीचे धम्मगिरी आहे. ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे व्यापारी तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते आणि त्या निमित्ताने १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, जे त्या देशाचे महालेखापाल असतानाच ध्यानही शिकवत असत. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या डोंगरपायथ्याशी नियमित शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या या शिबिरात शुल्क नसते आणि नवव्या दिवसापर्यंत मौन असते. पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांशी होणारा श्वासाचा स्पर्श पाहायचा असतो, ज्याला आनापान म्हणतात, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील प्रत्येक संवेदना क्रमाने न्याहाळायची असते. पद्धतीमागचे तत्त्व असे आहे की मन बाहेरच्या घटनेवर प्रतिक्रिया देते असे भासत असले, तरी प्रत्यक्षात ते त्या घटनेने शरीरात उमटलेल्या वेदनेवर, म्हणजे सुखद, दुःखद किंवा उदासीन संवेदनेवर प्रतिक्रिया देत असते. म्हणून ती संवेदना उठते, टिकते आणि विरते हे शांतपणे पाहता आले की प्रतिक्रियेची साखळी तिथेच सैल होते. मांडी घालून तासभर न हलता बसलेल्या माणसाच्या गुडघ्यात कळ येते, ती असह्य वाटते, हलावेसे वाटते, आणि न हलता पाहत राहिले की तीच कळ ठणका, ताप, मुंग्या अशी रूपे बदलत कधीतरी ओसरते; संतापाच्या लाटेबाबत हेच घडते ही गोष्ट त्या गुडघ्याकडून शिकायची असते.

ध्यानाच्या इतिहासात जबलपूरही अपरिचित नाही. पुढे ओशो म्हणून जगभर ओळखले गेलेले रजनीश याच शहरात शिकले, १९६६ पर्यंत इथेच तत्त्वज्ञानाचे अध्यापन करत होते, आणि भंवरताल उद्यानातील ज्या मौलश्रीच्या झाडाशी त्यांच्या १९५३ मधील अनुभवाची कथा जोडली जाते, ते झाड म्हणजे मराठीतली बकुळ. त्यांच्या पुढील वाटचालीविषयी तीव्र मतभेद आहेत आणि ते असणे रास्त आहे. परंतु बकुळीखाली बसणाऱ्या सामान्य माणसाला कोणा गुरूचे अनुयायी होण्याची गरज नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते, कारण सजगतेचा सराव आणि संप्रदायातील प्रवेश या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने पुष्कळ विचारी माणसे पहिल्या गोष्टीपासूनही दूर राहतात.

मराठी वाचकाला याहून जवळचा एक धडा संतवाङ्मयात सापडतो, आणि तो फारसा कोणी या अंगाने वाचलेला दिसत नाही. १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी २०५ श्लोक स्वतःच्या मनालाच उद्देशून रचले आणि त्याला दटावण्याआधी सज्जन म्हणून हाक मारली. ज्याला सुधारायचे त्याच्याशी सन्मानाने बोलायचे, ही त्या संबोधनातली दृष्टी असून स्वतःला दूषणे देत बसणाऱ्या माणसाला ती आजही हवी आहे. तुकोबांच्या अभंगात शेवटी कवी स्वतःचे नाव घेऊन तिऱ्हाइतासारखा बोलतो. नाममुद्रा हा काव्याचा संकेत आहे आणि तो मानसोपचार म्हणून जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु त्यातून घडते ते लक्षणीय आहे. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ताणाच्या प्रसंगी स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव किंवा ‘तू’ वापरणाऱ्यांना त्या प्रसंगाकडे थोड्या अंतरावरून पाहता आले आणि त्यांची अस्वस्थता तुलनेने कमी राहिली. सात-साडेसातशे वर्षे मराठी संतपरंपरेत ‘मना’ अशी हाक घालून जे संभाषण चालत आले, त्याची रचना हीच आहे.

मनाशी बोलायला लागल्यावर मन काय म्हणते हेही ऐकू येऊ लागते, आणि तिथे विवेकनिष्ठ मानसोपचाराचा उपयोग होतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीनुसार घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार उभा असतो, आणि तीव्र त्रास बहुधा त्या विचारातील आग्रहामुळे होतो; आवड किंवा इच्छा जेव्हा अटळ मागणीचे रूप घेते, तेव्हा निराशेची जागा संताप किंवा खचलेपण घेते. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने आणि मराठीतून लिहिणाऱ्या इतर मानसतज्ज्ञांनी ही पद्धत सोप्या भाषेत लोकांपर्यंत नेली आहे. मराठीत हा आग्रह शोधण्यासाठी एक फारच सोपी खूण उपलब्ध आहे, ती म्हणजे ‘च’ हे एकाक्षरी अव्यय. ‘मुलाने रोज फोन करावा’ ही इच्छा आहे. ‘मुलाने रोज फोन केलाच पाहिजे’ ही मागणी आहे. महाराजपुरातल्या एखाद्या घरी रात्रीचे साडेनऊ वाजले, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन आला नाही, आणि आईच्या मनात आधी काळजी, मग ‘आलाच पाहिजे होता’, मग ‘त्याला घरची किंमतच नाही’ अशी पायरी-पायरीने चढण झाली, तर दोन वाक्यांतल्या दोन ‘च’कारांनी काळजीचे संतापात रूपांतर केलेले असते. ती माउली पहिल्या पायरीवर थांबून ‘मला काळजी वाटते आहे’ एवढेच म्हणू शकली, तर साडेदहाला येणाऱ्या फोनवर पहिला शब्द टोमण्याचा असणार नाही. ‘च’ पूर्णपणे सोडून देता येत नाही आणि सोडूही नये, कारण अन्यायासमोर ‘हे थांबलेच पाहिजे’ असेच म्हणावे लागते. प्रश्न तो कुठे लावला आहे हे कळण्याचा आहे.

या सर्व प्रयत्नांत एक धोका संभवतो आणि त्याकडे दुर्लक्ष करणे घातक आहे. स्वतःकडे पाहणे आणि स्वतःत रुतून बसणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. त्याच दुःखाचे तेच तेच कारण उगाळत राहण्याला चर्वितचर्वण म्हणता येईल, आणि सुझन नोलेन-होक्सेमा यांनी त्याचा उदासीनतेशी असलेला संबंध दाखवला आहे. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला त्यापूर्वी सुमारे दोन आठवडे त्यांनी योगायोगाने स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनोवृत्तीची पाहणी केली होती. ज्यांना आधीपासून उगाळण्याची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही उदासीची लक्षणे अधिक आढळली. २२ मे १९९७ च्या पहाटे स्वतःच्या शहराची जमीन हललेली ज्या जबलपूरकरांनी अनुभवली, त्यांना हा अभ्यास परका वाटणार नाही. ‘छातीत धडधडते आहे, भीती वाटते आहे’ हे निरीक्षण झाले आणि ते मिनिटभरात पुरे होते. ‘माझ्याच बाबतीत असे का होते’ हा प्रश्न निरीक्षणाचा वेश घेतो खरा, पण त्याला उत्तर नसल्याने तो रात्रभर पुरतो. ज्यांना पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला आहे किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झाला आहे, त्यांनी दीर्घ मौनशिबिरात जाण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण काहींना तासन्तास डोळे मिटून बसल्याने त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत.

तसेच प्रत्येक दुःखाचे मूळ मनात शोधणे हाही अन्याय आहे. दोन वेळचा स्वयंपाक, म्हाताऱ्या सासूची शुश्रूषा आणि शाळेतली नोकरी एकटीने ओढणाऱ्या बाईची चिडचिड बहुधा सजगतेच्या अभावाने आलेली नसते. तिला श्वास पाहायला सांगण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी भांडी घासायला हवीत. भावनेला योग्य नाव दिले की कधीकधी असेच कळते की मन ठीक आहे आणि बदलायची आहे ती परिस्थिती. याउलट दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कशातलाच रस उडाला असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला मानसिक आजार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत बोलता येते.

रोजच्या सरावासाठी लागते ते फार थोडे. पहाटे, हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज वाढण्यापूर्वी, पाठ ताठ ठेवून दहा मिनिटे बसावे आणि नाकपुडीशी आत जाणारा श्वास किंचित थंड आणि बाहेर येणारा किंचित कोमट लागतो का, एवढेच पाहावे. मन डाळ भिजत घातली होती का याकडे गेले, तर ते गेले हे कळणे हाच सराव, आणि त्याला रागे न भरता परत आणावे. ट्रक गेला तर तो आवाज म्हणून ऐकावा. रात्री निजण्यापूर्वी एका वहीत दिवसातल्या एकाच प्रसंगाची नोंद करावी : काय घडले, शरीरात कुठे जाणवले, त्याला नेमका शब्द कोणता, आणि वाक्यात ‘च’ कुठे होता. या वहीत ‘टेन्शन’ हा शब्द लिहायचा नाही एवढे एकच बंधन पुरेसे आहे, कारण तो शब्द अडवला की लेखणी थबकते आणि त्या थबकण्यातच खरा शोध सुरू होतो. आठवडाभर काही सुचत नाही. मग आजीच्या तोंडचा एखादा शब्द आठवतो, कासावीस, कानकोंडे, जीव टांगणीला, आणि तो त्या दिवसाच्या प्रसंगावर चपखल बसतो.

मुलांच्या बाबतीत हे काम वहीशिवायही होते. शाळेतून आलेला दहा वर्षांचा मुलगा दप्तर टाकून ‘मुझे टेंशन हो रहा है’ म्हणतो, तेव्हा त्याची आजी त्याला ‘हात-पाय धू’ म्हणण्याआधी विचारू शकते की काळजी वाटते आहे, भीती वाटते आहे की कोणावर रुसला आहेस. हे तीन शब्द त्याला बहुधा एकाच वेळी कोणी दिलेले नसतात. तो क्षणभर गप्प राहतो, पोटावर हात ठेवतो, आणि म्हणतो, ‘इथं कसंतरी होतंय, आजी.’ उद्या गणिताचा पेपर आहे हे त्यानंतर कळते, आणि त्याच्या शेजारी बसणारा मित्र आज दुसऱ्या बाकावर जाऊन बसला, हे त्याहूनही नंतर.